दामाजीची पावती

भीमेच्या काठी वयाचा हिशेब फार दिवस पंचांगाने झाला नाही, तो संकटांनी झाला. “बहात्तरच्या दुष्काळात मी चालायला लागले होते”, “धरणाचे पाणी गावात शिरले त्या वर्षी थोरल्याचे लग्न झाले” अशी वाक्ये उजनीच्या काठच्या कोणत्याही गावात, करमाळ्याकडे असा की इंदापूरकडे, पारावर बसले म्हणजे ऐकू येतात. संकट आले की त्यामागून सरकारचा माणूस येतो, वही उघडतो, काही लिहितो आणि निघून जातो. पुढे कधीतरी पैसे येतात किंवा येत नाहीत. या वहीचीही एक गोष्ट आहे, आणि ती पाचशेहून अधिक वर्षांची आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर दुष्काळाची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या ताटातील ज्वारी ज्या जमिनीतून येते, त्या जमिनीची गोष्ट सणाला वर्ज्य असण्याचे कारण नाही.

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात सीना नदीने काठ सोडला. माढा तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला. त्याच्या एका अंगाला उजनीचे धरण, दुसऱ्या अंगाला सीना. माढा, करमाळा, मोहोळ या तालुक्यांतील सीनाकाठची पिके पाण्याखाली गेली आणि कित्येक शेतांतील माती नदी घेऊन गेली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. कोरडवाहू पिकाला हेक्टरी १८,५०० रुपये, हंगामी बागायतीला २७,००० आणि बारमाही बागायतीला ३२,५०० रुपये, अशी ती वाटणी होती. आता गंमत पाहा. याच माढा आणि करमाळा तालुक्यांची नावे दोन वर्षांपूर्वी, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, सरकारने जाहीर केलेल्या चाळीस दुष्काळी तालुक्यांच्या यादीत होती. एकदा पाणी नाही म्हणून मदत, एकदा पाणी फार म्हणून मदत! माणसे तीच, जमीन तीच, वहीही तीच.

या वहीचे पहिले पान शोधायला फार दूर जावे लागत नाही. आमच्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याला जावे लागते. पंधराव्या शतकात दामाजीपंत हे तेथे बीदरच्या बादशहाचे अंमलदार होते. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारे लोकांना खुली केली. बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सोडला. तेव्हा पंढरीचा विठोबा विठू महाराचे रूप घेऊन बीदरला गेला आणि त्याने धान्याची सारी किंमत दरबारात मोजून दिली, ही कथा महिपतीने ‘भक्तिविजया’त सांगितली आहे आणि कीर्तनकारांनी ती घरोघर पोचविली आहे. कथेतील चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला मात्र तिच्यातील एक बारीक तपशील नेहमी मोठा वाटत आला आहे. विठू पैसे भरून तसाच परतत नाही. तो पावती घेतो, आणि ती दामाजीपंतांच्या पोथीत सापडते. सरकारी कोठाराशी व्यवहार करायचा तर देवालाही पावतीवाचून सुटका नाही, हे आपल्या लोकांनी तेव्हाच ओळखले होते!

या कथेचा इतिहासाला उपयोग असा, की तीत मदतीचा सारा पेच आला आहे. धान्य सरकारचे, भूक लोकांची, आणि मध्ये उभा असलेला अंमलदार. त्याला धान्य देण्याचा अधिकार नव्हता. त्याने आपल्या जिवावर ते दिले. पुढच्या पाचशे वर्षांत राज्यकर्त्यांनी जे कायदे आणि नियम केले, ते याच एका प्रश्नाच्या उत्तरासाठी केले असे म्हणता येईल: अंमलदाराला दामाजी व्हावे न लागता भुकेल्याला धान्य कसे पोचावे?

याचे एक फार चांगले उत्तर शिवाजी महाराजांनी दिले. १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला त्यांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. सुभेदाराने स्वतः गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे, ज्याला नांगराला बैल नाही त्याला बैलासाठी पैसे द्यावेत, पोटाला दाणे नाहीत त्याला दाणे द्यावेत, आणि दिलेले वाढीदिढीवाचून, मुद्दल तेवढे, त्याची ऐपत येईल तसतसे हळूहळू परत घ्यावे, असा त्याचा आशय आहे. येथे अंमलदाराला लपूनछपून काही करायचे नाही. राजाच त्याला खर्च करायला सांगतो आहे. आणि कोणाला द्यायचे, तर जो शेत कसतो आहे पण ज्याच्यापाशी बैल नाही, त्याला. कागदावर नाव कोणाचे, हा प्रश्न तेथे पहिला नाही.

या अशा मदतीला आपल्याकडे तगाई म्हणत. शब्द अरबी मुळाचा. त्याचा मूळ अर्थ बळ देणे असा आहे. ओसाड गावाला कौल द्यावा, पहिल्या वर्षी सारा थोडा घ्यावा आणि मग वर्षावर्षाला चढवीत न्यावा, ही इस्ताव्याची रीतही त्याच जातीची. राज्यकर्ते हे सारे दयेपोटीच करीत होते असे समजण्याचे कारण नाही. कुणबी परागंदा झाला तर सारा कोण भरणार, हा रोकडा हिशेब त्यात होताच. पण त्या हिशेबात कुणबी जगला पाहिजे एवढे तरी गृहीत धरलेले होते.

मग इंग्रजी आली, आणि तिने आपला पहिला मोठा प्रयोग आमच्याच शेजारी, इंदापूर तालुक्यात केला. आज त्या तालुक्याची भीमाकाठची शिवारे उजनीच्या पाण्याखाली आहेत. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली आकारणी इतकी जड ठरली की लोक जमिनी टाकून गेले. तेव्हा १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नवी आकारणी बसविली. पुढे तीच पद्धत साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली. जमिनीची प्रत पाहावी, सारा बेताचा ठरवावा आणि तीस वर्षे तो हलवू नये, हे तिचे सूत्र. त्यामागचा विचार वरवर पाहता शहाणपणाचा होता. सारा मुळातच हलका असला की चांगल्या सालचे शिल्लक टाकून शेतकरी वाईट साल निभावून नेईल, मग दरसाल सूट मागण्याची आणि देण्याची कटकट नको! पण भीमेच्या खोऱ्यातले वाईट साल एकटे येत नाही. शिल्लक टाकायची कोठे, आणि कशातून? सारा रोख भरायचा, तोही ठरल्या हप्त्याला. मग सावकाराचे दार ठोठावण्याला पर्याय नव्हता. तीस वर्षांची मुदत १८६६-६७ च्या सुमारास संपली आणि फेरआकारणीत इंदापूरचा सारा एकदम चढला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे गावी लोकांनी सावकारांची कर्जरोख्यांची दफ्तरे जाळली, आणि ती आग पुणे-नगर जिल्ह्यांत पसरली. लोकांचा राग माणसांच्या जिवावर फारसा गेला नाही, तो कागदावर गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कागद आपल्याला खातो, हे त्यांना नेमके कळले होते.

दुसऱ्याच वर्षी, १८७६ साली, परतीचा पाऊस आलाच नाही. सोलापूर जिल्हा हा रब्बीचा. हस्ताच्या पावसावर शाळू पिकवणारा. तो पाऊस नाही म्हणजे वर्षच नाही. १८७८ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळात सरकारने तलाव, रस्ते, कालवे यांची कामे काढली. नीरेचा डावा कालवा आणि आष्टीचा तलाव ही त्या दुष्काळी कामांची आजही दिसणारी चिन्हे आहेत. पण मजुरी किती द्यायची? हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी म्हणून आलेले सर रिचर्ड टेंपल यांनी प्रौढ माणसाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे आजच्या मापाने सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर ती आणून ठेवली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला साडेचारशे ग्रॅम! १८७७ च्या सुरुवातीला हजारो कामकऱ्यांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगाव आपली माणसे पाठवून दुष्काळाच्या हकिकती गोळा केल्या होत्या. सोलापूर जिल्ह्यातील हालांची बातमी जगापुढे गेली ती मोठ्या अंशी त्यांच्यामुळे. सर्वसाधारण काळात वाढत जाणारी लोकसंख्या १८७२ च्या शिरगणतीहून १८८१ च्या शिरगणतीत या जिल्ह्यात कमी भरली. ते आकडे म्हणजे कोणा कवीचा विलाप नव्हे, सरकारचाच कबुलीजबाब आहे.

त्या दुष्काळाने सरकारला नियम करायला लावले. १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता जन्मली: कोणती लक्षणे दिसताच काम काढायचे, मजुरी कशी द्यायची, सारा केव्हा तहकूब करायचा आणि केव्हा माफ. विहीर-बांध यांसाठी जमीन सुधारणा कर्जाचा कायदा १८८३ साली झाला, आणि बी-बियाणे, बैल व संकटनिवारण यांसाठी शेतकरी कर्जाचा कायदा १८८४ साली झाला. पुढे शंभर वर्षे ‘सरकारी तगाई’ म्हणून आपले वाडवडील ज्याचे नाव घेत, ती याच दोन कायद्यांची. त्यातल्या दुसऱ्या कायद्यात एक शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. हे कर्ज जमिनीच्या मालकाला, तसेच जमीन प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या वहिवाटदारालाही द्यावे, असे त्यात म्हटले होते. परक्या सरकारच्या कायद्यालाही शेतात कोण उभा आहे हे पाहावेसे वाटले होते!

तथापि लोक तगाईला बिचकतच. एक तर ती वेळेवर मिळत नसे. शेतकामात ‘वापसा’ म्हणून एक शब्द आहे. पावसानंतर जमीन ना फार ओली ना फार कोरडी अशी होते, औत चालते, बी रुजते. ते चार-आठ दिवस साधले तर साधले. तगाईचा अर्ज मात्र पाटील-कुलकर्ण्यापासून मामलेदारापर्यंत आपल्या पावलांनी चाले. वापसा मोडल्यावर आलेला पैसा बियाण्याला जात नाही, देणेकऱ्याला जातो. दुसरे म्हणजे ती वसूल होई ती साऱ्याच्या थकबाकीसारखी. म्हणजे न भरल्यास जप्ती. सावकार वाईट खरा, पण तो थांबे, आणि अडीनडीला पुन्हा देई. सरकार थांबत नसे.

आणि नियम झाले तरी ते लोकांना ठाऊक कोठे होते? १८९६ सालच्या दुष्काळात टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने नेमके हेच काम हाती घेतले. दुष्काळ संहिता मराठीत समजावून सांगत त्यांची माणसे खेडोपाडी फिरली. पीक बुडाले असेल तर सारा तहकूब करून घेणे हा तुमचा हक्क आहे, भीक नव्हे. घरदार विकून तो भरू नका, हे त्यांचे सांगणे. सरकारला ते इतके झोंबले की १८९७ साली सभेची मान्यता काढून घेण्यात आली. सरकारचाच नियम सरकारच्याच रयतेला वाचून दाखविणे हा गुन्हा ठरावा, यात त्या राज्याचे सारे रहस्य आले.

स्वराज्यात बहात्तरचा दुष्काळ आला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण तो मी आमच्या आजीच्या तोंडून इतका ऐकला आहे की जणू पाहिलाच आहे. खडीची केंद्रे, पाझर तलावाची कामे, लाल मिलोच्या भाकरी, आणि सुकडी. आजी सांगे, “सरकारनं काम दिलं म्हणून गाव राहिलं. पण भाकर चिकट व्हायची रे, बोटाला सोडायची नाही.” १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या जवळपास माणसे दुष्काळी कामांवर होती. एवढा मोठा दुष्काळ पडूनही १८७७ सारखी माणसे मेली नाहीत, हे त्या कामांचे आणि ती मागणाऱ्या लोकांचे श्रेय. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर रुजली. तिचा कायदा १९७७ साली मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ च्या केंद्राच्या कायद्याला तिचाच धडा उपयोगी पडला. टेंपलसाहेबाच्या पौंडभर धान्यापासून ‘मागेल त्याला काम’ येथवर यायला शंभर वर्षे लागली.

आणि मग आमचे धरण. १९८० साली उजनीचे काम पुरे झाले, भीमा अडली, आणि यशवंतसागर भरला. एकशे सतरा टीएमसी पाणी मावेल एवढा हा जलाशय. त्यातले निम्म्याहून अधिक मृतसाठ्याचे. सोलापूरचा दुष्काळ कायमचा हटावा म्हणून ते बांधले, आणि उसाच्या, केळीच्या बागा पाहिल्या म्हणजे ते व्यर्थ गेले असे कोणी म्हणणार नाही. पण त्यासाठी करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत या तालुक्यांची नदीकाठची काळी जमीन पाण्यात गेली. केत्तूर, कुगाव, पळसदेव ही नावे जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी आणावी लागली. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा साठा वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला तेव्हा पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडले आणि शहरांतून माणसे मोटारी घेऊन ते पाहायला आली. काठच्या म्हाताऱ्यांना त्या देवळाभोवतीची आपली शेते दिसत होती. दुष्काळात मिळते ती मदत. धरणात मिळाला तो मोबदला. एकात जमीन आपल्यापाशी राहते, दुसऱ्यात जमीन जाऊन कागद राहतो. सरकारच्या वहीत दोन्ही रकमाच असतात. माणसाच्या हिशेबात ती दोन वेगळी दुःखे आहेत.

धरण ओसरू लागले की उन्हाळ्यात काठाची गाळाची जमीन उघडी पडते. तीत लोक वैरण करतात, कलिंगडे-काकड्या लावतात. तिला गाळपेर म्हणतात. एकेकाळी त्यांच्याच आजोबांची असलेली जमीन ते आता सरकारकडून तेवढ्या हंगामापुरती घेतात. वरच्या अंगाला पाऊस लवकर लागला, पाणी चढले, आणि उभे पीक बुडाले, तर पंचनामा कशाचा करायचा? पंचनाम्याचा पहिला प्रश्न सातबाऱ्याचा, आणि सातबाऱ्यावर नाव सरकारचे.

येथे मी मूळ मुद्द्याशी येतो. आजची मदत तगाईहून अनेक बाबतींत चांगली आहे, हे मनापासून कबूल केले पाहिजे. ती कर्ज नाही. परत करावी लागत नाही. ती थेट बँकेच्या खात्यात येते. मधल्या हातांना तिच्यातून चिमूट काढायला पूर्वीइतकी जागा राहिलेली नाही. निम्मे पीक गेल्याशिवाय मदत नाही असा पूर्वी दंडक होता. २०१५ साली ती अट तेहतीस टक्क्यांवर आली. पूर्वी आणेवारी ठरे ती गावाची, आता पंचनामा होतो शेताचा. २०२१ पासून शेतकरी आपली पीकपाहणी आपल्याच मोबाइलवरून नोंदवू शकतो. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेला मोठा पूर आला तेव्हा केंद्राचा ठराविक दर कोरडवाहूला हेक्टरी ६,८०० रुपये होता; राज्याने १०,००० दिले. २०२५ मध्ये तो ठराविक दर ८,५०० होता. राज्याने रब्बीच्या बी-खतासाठी त्यावर १०,००० घातले आणि मर्यादा दोन हेक्टरांवरून तीनवर नेली. एकराच्या हिशेबाने कोरडवाहूला ते साडेसात हजारांच्या आतच बसतात हे खरे. त्यात नांगरट, बी आणि खत एवढे जेमतेम भागते. वाहून गेलेली माती परत येत नाही.

पण एक गोष्ट मात्र वाईट झाली आहे. मदत शेतात उभ्या असलेल्या माणसाकडे न जाता कागदावरील नावाकडे जाते. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन झाला, कसणाऱ्याला जमीन मिळाली. हे फार मोठे काम झाले. पण त्याच कायद्याच्या धाकाने आज कोणी आपली जमीन दुसऱ्याला कसायला लिहून देत नाही. सारे तोंडी. मालक पुण्यात नोकरीला, शेत वाटेकऱ्याकडे. बी वाटेकऱ्याचे, राबणे वाटेकऱ्याचे, आणि पुराचे पैसे मालकाच्या खात्यात. भला मालक असला तर तो निम्मे देतो. नसला तर बोलण्याची सोय नाही, कारण बोलला तर पुढच्या साली शेत नाही. नवरा गेल्यावर वारसाची नोंद लागली नाही अशी बाईही याच रांगेत. आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांत अशा घरांची मुले आहेत. गावात मदतीची रक्कम आली म्हणजे कोणाच्या पायांत नवी चप्पल येते आणि कोणाच्या येत नाही, हे वर्गात बसल्या जागी दिसते, आणि चप्पल न आलेल्यांत ज्यांचे पीक खरोखर बुडाले अशांचीही मुले असतात.

कोणी म्हणेल, सरकारने काय घरोघर विचारीत फिरावे? १६७६ च्या पत्रात नेमके तेच सांगितले आहे. १८८४ च्या कायद्याने वहिवाटदाराला नाव देऊन ठेवले होते. म्हणजे हे अशक्य नव्हे. आपल्याच इतिहासात ते दोनदा होऊन गेले आहे. पंचनामा चावडीत न करता बांधावर, शेजाऱ्यांच्या समक्ष करावा. जमीन कोणाची याबरोबरच पीक कोणाचे हेही त्यात लिहावे. आणि मदतीची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. गावाला सारे ठाऊक असते. वीस माणसांपुढे खोटे नाव वाचणे वाटते तितके सोपे नाही.

विठू महाराने बीदरच्या दरबारातून पावती घेतली ती स्वतःच्या नावावर नव्हती. ज्याची मान अडकली होती त्या दामाजीच्या नावावर होती. सरकारी कागद कोणाच्या नावाने लिहावा, याचा याहून साधा धडा मला कोठे वाचायला मिळालेला नाही.